घरातला खटका सारखा का पडतो, आणि दोष शोधायचा कसा

शेजाऱ्यांकडे पंखा फिरतोय आणि आपल्याच घरात अंधार. दाराजवळच्या डीबीचं, म्हणजे घरातले सगळे खटके बसवलेल्या पेटीचं, झाकण उघडायचं, पडलेला खटका वर करायचा, दिवे लागले की विषय संपला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. वायरमन येतो, इकडेतिकडे टेस्टर लावून बघतो, त्याच्यासमोर काहीच पडत नाही. तो गेला की रात्री पुन्हा अंधार. मग घरातले म्हणायला लागतात, ‘आमचा खटका उगाचच पडतो हो.’

उगाच पडणारे खटके असतात, पण फार थोडे. बहुतेक वेळा कारण खरंच असतं. आपण ते शोधतो फेजच्या, म्हणजे करंट घरात आणणाऱ्या वायरीवर आणि ते बसलेलं असतं न्यूट्रलवर, म्हणजे तो परत नेणाऱ्या वायरीवर, नाहीतर ज्याचं बटण ‘बंद’ आहे अशा एखाद्या उपकरणात. म्हणून शोध लांबतो.

शोधाची सुरुवात खटका वर करण्याआधी होते. नेमका कोण पडलाय ते आधी बघायचं. फ्लॅटच्या साध्या डीबीत सहसा एका टोकाला एक रुंद खटका असतो आणि त्यावर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं. तो आरसीसीबी. जुने वायरमन त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात. त्याच्या शेजारी अरुंद खटक्यांची रांग असते, ते एमसीबी. एमसीबीवर ‘बी ६’, ‘सी १६’, ‘सी २०’ असं काहीतरी छापलेलं असतं. आकडा म्हणजे तो कायम किती अँपिअर वाहून नेऊ शकतो, आणि अक्षर म्हणजे अचानक आलेला मोठा झटका तो कितपत सोसतो. बी प्रकारचा एमसीबी आकड्याच्या ३ ते ५ पट करंटला तत्काळ पडतो, सी प्रकारचा ५ ते १० पटीला.

या दोघांची कामं वेगळी आहेत. वायर जास्त तापू नये आणि शॉर्टसर्किट झालं तर ते तिथेच तुटावं, हे एमसीबीचं काम. करंट वाट चुकून जमिनीत किंवा माणसाच्या अंगातून जायला लागला तर सप्लाय तोडायचा, हे आरसीसीबीचं. एमसीबीला गळती कळत नाही. आरसीसीबीला ओव्हरलोड कळत नाही. ‘लाईट गेली’ एवढंच वायरमनला सांगितलं तर त्याचा अर्धा दिवस वाया जातो. ‘किचनचा एमसीबी पडतो’ किंवा ‘आरसीसीबी पडतो’ असं सांगितलं की काम निम्मं होतं.

एमसीबी पडत असेल तर

हे प्रकरण त्यातल्या त्यात सरळ आहे. खटका वर केल्याकेल्या ‘टक’ करून पडतोय की बऱ्याच वेळाने पडतोय, एवढंच विचारायचं.

वर करताक्षणी पडत असेल तर फेज आणि न्यूट्रल कुठेतरी थेट भिडलेत. त्या सर्किटवरच्या सगळ्या वस्तूंचे प्लग काढा आणि एकदाच वर करून बघा. उभा राहिला तर दोष एखाद्या वस्तूत. पुन्हा पडला तर वायरिंगमध्ये, आणि मग तो खटका पुन्हा पुन्हा वर करू नका. शॉर्टवर दर वेळी शेकड्यांनी, कधी हजारांनी अँपिअर त्या छोट्या डबीतून जातात.

बऱ्याच वेळाने पडत असेल तर तो ओव्हरलोड. एमसीबीच्या आत दोन धातूंची जोडपट्टी असते, ती तापून वाकते आणि खटका सोडते. तिला वेळ लागतो आणि तो मुद्दामच ठेवलेला आहे. १६ अँपिअरच्या एमसीबीतून १८ अँपिअर तासभर गेले तरी तो पडता कामा नये, आणि २३ च्या वर गेले तर तासाभराच्या आत पडलाच पाहिजे, असं मानक सांगतं. आता किचनचं गणित करा. २००० वॅटची इंडक्शन शेगडी जवळपास ९ अँपिअर घेते, तेवढ्याच वॅटचा गिझर आणखी ९, वर ७५० वॅटचा मिक्सर ३. बेरीज झाली २१. हे सगळं एकाच खटक्यावर असेल तर सकाळी डबे आणि आंघोळी एकाच वेळी सुरू असताना तो पडू शकतो, आणि दुपारी वायरमन येईल तेव्हा छान उभा असणार.

त्या जोडपट्टीचं मोजमाप ३० अंश तापमानाला केलेलं असतं. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीवरच्या डीबीत हवाच पंचेचाळिशीच्या पुढे जाते. पट्टी आधीच तापलेली असल्यामुळे डिसेंबरात जो लोड बिनतक्रार चालत होता त्यावर खटका पडायला लागतो. त्यात एसी असेल तर आणखी एक भानगड. संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना नुसताच घुमतो, फिरत नाही, आणि नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो. खटका पडतो. तक्रार एसीची, पण कारण व्होल्टेज.

लोड कमी असूनही एमसीबी पडत असेल तर एक गोष्ट हमखास बघायला सांगा, वायर जिथे एमसीबीत घुसते तो स्क्रू. तो ढिला असला की तिथेच उष्णता तयार होते आणि ती थेट त्या पट्टीला पोचते. डीबी उघडल्यावर वायरीचं टोक काळपट, इन्सुलेशन कडक होऊन आखडलेलं दिसतं. जळका वास येत असेल किंवा खटक्याचा पुढचा भाग हाताला गरम लागत असेल तर मेन बंद करा आणि त्याच दिवशी वायरमनला बोलवा.

‘मोठा एमसीबी टाकून देतो’ हा उपाय मात्र घेऊ नका. खटका वायरीच्या जाडीवर ठरतो. दिव्यांच्या दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीवर २५ अँपिअरचा एमसीबी बसवला तर खटका पडायचा थांबेल, पण भिंतीच्या आत वायर तापत राहील.

आरसीसीबी पडत असेल तर

खरी डोकेदुखी इथे. फेजने जेवढा करंट घरात येतो तेवढाच न्यूट्रलने परत जायला हवा. आरसीसीबी हा जमाखर्च बघणारा मुनीम आहे. दोन्ही वायरी त्याच्या आतल्या एका कड्यातून जातात आणि आवक-जावक सारखी असेल तर त्यांचं चुंबकत्व एकमेकांना खोडून टाकतं. तफावत आली की त्या कड्यावरच्या तिसऱ्या गुंडाळीत करंट उमटतो आणि खटका पडतो. घरगुती आरसीसीबीवर ३० मिलिअँपिअर लिहिलेलं असतं, म्हणजे एका अँपिअरच्या शंभर भागांतले तीन. एवढ्याने दिवा मिणमिणेल, पण माणसाच्या छातीतून यापेक्षा जास्त काही क्षण गेला तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. करंट माणसातून जातोय की गिझरच्या टाकीतून, हे आरसीसीबीला कळत नाही. त्याला फक्त हिशेब जुळत नाही एवढं कळतं.

आणखी एक बारकावा. ३० चा आरसीसीबी बरोबर तिसाला पडतो असं नाही. १५ ला पडू नये आणि ३० ला पडलाच पाहिजे, एवढीच अट असते. मधल्या टप्प्यात तो कुठेही पडू शकतो, आणि बरेचसे विशीच्या आसपासच पडतात.

वस्तूंआधी घड्याळ आणि आकाश बघा. एक कागद डीबीच्या झाकणाच्या आत चिकटवा आणि प्रत्येक वेळी वेळ, पाऊस होता का, काय चालू होतं, एवढं लिहा. आठवड्याभरात कागद बोलायला लागतो.

सकाळी गिझर लावल्यावर काही मिनिटांनी पडतो? गिझरचा हीटर म्हणजे धातूची वळवलेली नळी. तिच्या मधोमध तारेची गुंडाळी आणि भोवती ठासून भरलेली पांढरी भुकटी, मॅग्नेशियम ऑक्साइडची. ही भुकटी उष्णता जाऊ देते, वीज अडवते, पण ओल झाली की अडवायचं सोडते. बोअरच्या जड पाण्याने नळीवर क्षारांचा जाड थर चढतो, नळी आतल्या आत जास्त तापते आणि तिला केसाएवढी भेग पडते. नळी बाहेरून धड दिसते, पण आत पाणी झिरपलेलं असतं. गंमत म्हणजे भेग गुंडाळीच्या न्यूट्रलकडच्या टोकाशी असेल तर गिझर बंद असतानाही आरसीसीबी पडू शकतो. ते का, ते पुढे येईल.

दिवसातून एखाद-दोनदा, काही लावलेलं नसताना, भलत्याच वेळी पडतो? फ्रॉस्ट-फ्री फ्रिजवर संशय घ्या. त्यात साचलेला बर्फ वितळवायला एक हीटर असतो आणि तो काही तासांनी आपोआप लागतो. कॉम्प्रेसर चालू असताना सगळं ठीक, आणि कॉम्प्रेसर थांबून हीटर लागला की खटका जातो. घरातलं कुणी फ्रिजला दोष देत नाही, कारण फ्रिज तर कायम चालूच असतो. वॉशिंग मशीनचंही तसंच. गार पाण्याची धुलाई निर्धोक पार पडते आणि गरम पाण्याची निवडली की मध्येच अंधार.

पावसाच्या सरीनंतर पडतो आणि ऊन पडलं की दोन दिवस गप्प? गॅलरीतला दिवा, फाटकावरचा दिवा, दाराबाहेरच्या बेलचं बटण, गच्चीवरचा जंक्शन बॉक्स, पाण्याची मोटर. या पाचांत बहुधा सापडतं. कोकणात भिंतच चार महिने ओली असते, तिथे भिंतीतल्या पाइपात पाणी साचलेलं सापडलं तर नवल वाटायला नको. स्विचबोर्डात मेलेली पाल आणि मुंग्यांनी केलेलं वारूळ हेही आपल्याकडचे नेहमीचे गुन्हेगार.

प्लग काढा म्हणजे काढाच

आता शोध. हे काम घरातला कुणीही जाणता माणूस करू शकतो. डीबीचं आतलं पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं कव्हर मात्र उघडायचं नाही.

घरातल्या सगळ्या वस्तूंचे प्लग सॉकेटातून बाहेर काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, आणि बहुतेक जण नेमके इथेच फसतात. सॉकेटचं बटण फक्त फेज तोडतं. न्यूट्रल आणि अर्थ, म्हणजे जमिनीला जोडलेली संरक्षक वायर, जोडलेलेच राहतात. फ्रिजच्या आत न्यूट्रल आणि पत्रा यांच्यात ओल असेल तर बटण बंद असूनही गळती चालूच.

प्लग काढून आरसीसीबी वर करा. उभा राहिला तर एकेक वस्तू लावायची आणि ती नुसती लावून सोडायची नाही, खरोखर चालवायची. गिझर पूर्ण तापेपर्यंत, इस्त्री लाल दिवा विझेपर्यंत, मशीन गरम पाण्यावर. जिथे पडेल ती वस्तू बाजूला ठेवा आणि बाकीच्यांची तपासणी पुरी करा. दोषी दोन असू शकतात.

सगळे प्लग काढूनही पडत असेल तर दोष वायरिंगमध्ये, किंवा पंखे, दिवे, एसी अशा कायम जोडलेल्या गोष्टींत. मग सगळे एमसीबी खाली करा आणि आरसीसीबी वर करा. राहिला तर एमसीबी एकेक करून वर करत जा. ज्याच्यावर आरसीसीबी पडेल त्या खोलीत किंवा त्या लाइनवर गळती. बऱ्याच घरांत प्रकरण इथे संपतं.

पण काही घरांत सगळे एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी उभा राहत नाही. वायरमन म्हणतो, ‘आता तर पुढे काही जोडलेलंच नाही, म्हणजे आरसीसीबीच गेलाय.’ नवा आणला जातो. तोही पडतो.

कारण एक खांबी एमसीबी फक्त फेज तोडतो. सगळ्या सर्किटांच्या न्यूट्रल वायरी डीबीतल्या एका पितळी पट्टीवर, न्यूट्रल लिंकवर, एकत्र बसलेल्या असतात आणि त्या जोडलेल्याच राहतात. समजा हॉलमधल्या स्विचबोर्डाचा लोखंडी बॉक्स आहे. प्लेट बसवताना लांब स्क्रू आत फिरला आणि मागे दुमडलेल्या काळ्या, म्हणजे न्यूट्रलच्या वायरीच्या इन्सुलेशनमधून आरपार गेला. स्क्रू बॉक्सला टेकलेला, बॉक्स अर्थला जोडलेला. म्हणजे न्यूट्रल आणि अर्थ भिडले. ठिणगी नाही, वास नाही, दिवे झकास लागतात. पण न्यूट्रलला आता परतीच्या दोन वाटा झाल्या, एक आरसीसीबीमधून आणि एक अर्थमधून जमिनीत.

न्यूट्रल म्हणजे शून्य व्होल्ट असं आपण धरतो, पण प्रत्यक्षात त्यावर लोडनुसार एखाद-दोन व्होल्ट चढलेले असतात. अर्थच्या वाटेचा रोध २० ओहम धरा आणि न्यूट्रलवर २ व्होल्ट. १०० मिलिअँपिअर वाट चुकले. आरसीसीबी पडलाच. लोड वाढला की न्यूट्रलवरचे व्होल्ट वाढतात, म्हणून दोष हॉलमध्ये असतो आणि खटका पडतो किचनमध्ये मिक्सर लावल्यावर. बिचारा मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात जाऊन येतो. एवढंच नाही, तर ट्रान्सफॉर्मरवरचा शेजारपाजारचा लोडही या व्होल्टमध्ये भर घालतो. त्यामुळे आपल्याकडे काही न लावता संध्याकाळी सातला, सगळ्या गल्लीचे दिवे-एसी लागले की आपला खटका पडू शकतो. न्यूट्रलच्या टोकाशी भेगाळलेल्या गिझरचंही हेच.

हे पकडायचं तर न्यूट्रल वेगळे करावे लागतात, आणि ते परवानाधारक वायरमनचंच काम. मेन बंद करून न्यूट्रल लिंकवरच्या वायरी एकेक मोकळ्या करायच्या आणि प्रत्येकीचं अर्थशी इन्सुलेशन मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या मीटरने, तपासायचं. मेगर ५०० व्होल्ट देऊन बघतो. धड वायर एक मेगाओहमच्या बरीच वर दाखवते, दोषी वायर हजार-दोन हजार ओहमवर किंवा थेट शून्यावर येते. साध्या मल्टिमीटरवर विसंबू नका. त्याची बॅटरी काही व्होल्टांचीच असते. सरळ भिडलेला स्क्रू त्याला सापडेल, पण ओलीची गळती कित्येकदा दिसणारच नाही. सर्किट सापडलं की त्याच्या मधला बोर्ड उघडून लाइन दोन भागांत तोडायची, वाईट अर्धा ठेवायचा, पुन्हा त्याचे दोन भाग. अशाने चार-पाच बोर्डांत जागा सापडते.

दुसरा नेहमीचा घोळ म्हणजे उसना न्यूट्रल. रो-हाउसमध्ये जिन्यातल्या दिव्याला फेज खालच्या मजल्याचा आणि न्यूट्रल वरच्या मजल्याचा घेतलेला असतो, कारण वायर तिथून जवळ पडली. एकच आरसीसीबी होता तोवर चाललं. मजल्यागणिक वेगळे आरसीसीबी बसवले की जिन्यातला ९ वॅटचा एलईडी लावला तरी ४० मिलिअँपिअरची तफावत. इन्व्हर्टर बसवल्यानंतर सुरू झालेल्या तक्रारीही बहुतेक याच जातीच्या असतात. फेज इन्व्हर्टरमार्गे एका ठिकाणाहून घेतलेला, न्यूट्रल दुसऱ्याच लिंकवरून. ‘इन्व्हर्टर बसल्यापासून पडतो’ हे वाक्य वायरमनला आवर्जून सांगा.

कधी कधी मात्र खरंच कुठेच दोष नसतो. कॉम्प्युटर, टीव्ही, वॉशिंग मशीन, एलईडीचे ड्रायव्हर यांच्या आत गोंगाट गाळायचे छोटे कपॅसिटर असतात आणि ते रचनेनेच थोडा करंट अर्थला सोडतात. प्रत्येकाचा अर्धा, एक, दोन मिलिअँपिअर. घरभर अशी यंत्रं जमली की बेरीज दहा-बारावर जाते. मग जरा ओल किंवा वीज गेली-आल्याचा झटका पुरतो. वायरमनकडे मिलिअँपिअर दाखवणारा टाँग टेस्टर असेल तर तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र चिमट्यात धरून ही कायमची गळती वाचू शकतो. ती तीसच्या एक तृतीयांशाच्या वर असेल तर सर्किटं दोन आरसीसीबींत वाटायची, किंवा प्रत्येक महत्त्वाच्या सर्किटाला आरसीबीओ द्यायचा. त्यात एमसीबी आणि आरसीसीबी एकाच खटक्यात असतात. खर्च जास्त, पण गिझरमुळे फ्रिज बंद पडत नाही, आणि पडलेला खटकाच दोष कुठे ते दाखवतो.

आपल्याकडे या सगळ्याला एक झटपट तोडगा आहे, तो म्हणजे ‘ईएलसीबी काढून डायरेक्ट करून देतो’. त्याचे भाऊबंदही आहेत. थ्री-पिनची मोठी पिन कापणं, किंवा अर्थिंग नसलेल्या घरात सॉकेटमध्ये अर्थ आणि न्यूट्रल एकत्र बांधणं. पिन कापली की खटका पडायचा थांबतो, कारण गळतीला वाटच उरत नाही. ती वाट मग ओल्या पायांनी फ्रिजचं दार उघडणारा माणूस देतो. अर्थ-न्यूट्रल एकत्र बांधलेले असताना खांबापासून येणारा न्यूट्रल कधी तुटला, तर घरातल्या प्रत्येक पत्र्याच्या वस्तूवर २३० व्होल्ट येऊ शकतात. ३० ऐवजी १०० मिलिअँपिअरचा आरसीसीबी टाकणं त्यामानाने सौम्य वाटतं, पण तो माणसाला वाचवण्यासाठी नसतो. हे सुचवणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

आरसीसीबी स्वतः बिघडलेला असूही शकतो. ते ठरवायची रीत एकच. वायरमनने मेन बंद करून त्याच्या बाहेर जाणाऱ्या दोन्ही वायरी, फेज आणि न्यूट्रल, सोडवायच्या आणि मग मेन चालू करून तो वर करून बघायचा. तरीही पडला तर बदला. ‘टी’ बटण दाबल्यावर पडत नसेल तरीही बदला, आणि तोही लगेच. ते बटण महिन्या-दोन महिन्यांनी दाबत जा. दाबल्यावर खटका पडला म्हणजे आरसीसीबी चालू आहे एवढंच कळतं. घराचं अर्थिंग कसं आहे, हे त्यावरून समजत नाही. ते वेगळं मोजून घ्यावं लागतं, आणि वायरमन मेगर घेऊन आलेलाच आहे तर अर्थिंगही त्याच फेरीत मोजून घ्या.